मधला थर

दादाशी फोनवर बोलताना मागे एक घरघर ऐकू यायची. विचारलं की तो म्हणायचा, "काही नाही गं, रेंडर चाललंय." दादा व्हिडिओ एडिटिंग करतो. रेंडर म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल तयार करणं. ते चालू असताना कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरणारच, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. मग ती घरघर रेंडर नसतानाही यायला लागली, आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला, "अगं, कॉम्प्युटर मध्येच बंद पडतोय. काल दोनदा झालं. तीन तासांचं काम गेलं. तू येऊन बघतेस का जरा?"

तो कॉम्प्युटर नऊ वर्षांपूर्वी मीच जोडला होता. आम्ही दोघांनी जमिनीवर चादर पसरून सगळे भाग त्यावर मांडले होते. मी स्क्रू घट्ट करत होते आणि दादा माझ्या मागून टॉर्च धरून उभा होता. त्यामुळे तो बंद पडतोय हे ऐकून आपण लावलेलं झाड सुकतंय असं कळल्यावर वाटावं तसं वाटलं. पिशवीत दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, धागे न सुटणारं कापड आणि थर्मल पेस्टची, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये लावायच्या मलमाची, एक सिरिंज टाकली. पेस्टची गरज पडेल की नाही हे घरून निघताना कळत नाही, पण एकदा का प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे हीटसिंक नावाचा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा, उचलला की जुन्या पेस्टवर तो परत बसवता येत नाही. बसवला तर थरात हवेचे बुडबुडे अडकतात आणि अवस्था आधीपेक्षा वाईट होते. म्हणून नवी पेस्ट हाताशी असल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे.

गेल्या गेल्या कॅबिनेट उघडलं नाही. आधी तापमान दाखवणारा प्रोग्राम लावला आणि दादाला म्हटलं, "तुझं नेहमीचं रेंडर सुरू कर." काही न करता बसलेला असताना प्रोसेसर ५६ अंशांवर होता. रेंडरचं बटण दाबलं आणि तीन सेकंदांत आकडा ९८ वर गेला. थांबवलं तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ७० वर उतरला.

या उडीकडे नीट बघायला हवं, कारण निदान तिच्यातच असतं. तापमान हळूहळू, पाच-दहा मिनिटं घेत चढत गेलं, तर उष्णता प्रोसेसरपासून हीटसिंकपर्यंत पोचते आहे, पण हीटसिंकमधून बाहेर जात नाही. म्हणजे धूळ, दमलेला पंखा, कॅबिनेटमध्ये कोंडलेली हवा. हीटसिंक म्हणजे धातूचा भला मोठा ठोकळा. तो तापायलाच वेळ लागतो, म्हणून चढण संथ असते. पण आकडा सेकंदा-दोन सेकंदांत शंभराला भिडला, तर त्या ठोकळ्यापर्यंत उष्णता पोचतच नाहीये. प्रोसेसर एकटाच तापतोय. वाट मध्येच तुटली आहे. मी हीटसिंकच्या पात्यांना बोट लावून बघितलं. आकडा ९८ आणि पाती जेमतेम कोमट.

दादाचा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःचा वेग उतरवतो. घड्याळाची गती कमी करतो, कमी वीज घेतो, कसंबसं काम चालू ठेवतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर वीज तोडून स्वतःला वाचवतो. दादाला जे 'बंद पडणं' वाटत होतं ते त्या यंत्राने जीव वाचवण्यासाठी उचललेलं शेवटचं पाऊल होतं. आणि त्याच्या आधीचे कित्येक महिने त्याने वेग उतरवून काढले असणार. "हल्ली रेंडरला वेळ फार लागतो, फाइल्स मोठ्या झाल्यात ना," असं दादा म्हणत होता. फाइल्स तेवढ्याच होत्या.

तरीही आधी धूळच काढली. आपला संशय पेस्टवर असला तरी सोपं काम आधी करावं आणि प्रत्येक पायरीनंतर पुन्हा मोजावं. एकदम सगळं बदललं की गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. कॅबिनेटची बाजू काढली, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली (हवेचा झोत मारला तर न धरलेला पंखा भलत्याच वेगाने गरगरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं, म्हणून ही सवय), आणि ब्रशने हीटसिंकच्या पात्यांच्या फटींमधून राखाडी लोकर काढली. हो, लोकरच. नऊ वर्षांची धूळ भुकटीसारखी राहत नाही, तिची गादी होते. पुन्हा मोजलं. ५६ चे ५१ झाले. रेंडरची उडी मात्र तशीच, फक्त ९८ ला तीनऐवजी पाच सेकंद लागले.

म्हणजे कूलर काढायचाच होता.

कूलर काढणं हे या सगळ्या कामातलं सर्वात नाजूक पाऊल आहे, आणि ते मी फार वाईट रीतीने शिकले. माझ्या स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये एएम४ सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्या नावाच्या खोबणीत बसणारा, प्रोसेसर होता. त्या जातीच्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, केसाएवढ्या बारीक, सोन्याचा मुलामा दिलेल्या. सॉकेटला एक छोटा दांडा असतो, तो त्या पिना धरून ठेवतो, पण ती पकड फार जबरदस्त नसते. आणि जुनी, थंड, सुकत आलेली पेस्ट मात्र गोंदासारखी धरते. मी कॉम्प्युटर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी काम काढलं आणि कूलर सरळ वर उचलला. 'टक' असा आवाज आला. उलटा करून बघते तो प्रोसेसर कूलरला चिकटून वर आलेला, सॉकेट रिकामं, आणि एका कोपऱ्यातल्या सात पिना आडव्या झालेल्या. त्या सकाळी हातपाय गार पडले होते ते अजून आठवतं. दुपारभर भिंगाखाली बसून, शिसं काढून टाकलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं रिकामं टोक एकेका पिनेवर चढवून, तिला श्वास रोखून उभं केलं. एक पीन दोनदा वाकली असती तर तुटली असती. सातही वाचल्या, आणि तो प्रोसेसर अजून चालतो आहे.

तेव्हापासून कूलर काढण्याआधी मी दहा मिनिटं कॉम्प्युटरवर काहीतरी जड काम चालवते. पेस्ट गरम होते, सैल पडते. मग बंद करून, वायर काढून, कूलर वर न ओढता आधी डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने पिळायचा. पेस्टची पकड सुटली की हाताला कळतं. काहीतरी घसरल्यासारखं होतं आणि कूलर मोकळा होतो. दादाच्या प्रोसेसरला पिना नव्हत्या, त्या सॉकेटमध्ये होत्या, आणि वरून लोखंडी चौकट प्रोसेसरला दाबून धरत होती. तो उखडून येण्याची भीती नव्हती. तरी हाताला लागलेली सवय सोडली नाही.

त्याच्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या खुंट्या होत्या. मदरबोर्डच्या भोकांमधून आरपार जातात आणि पलीकडे फाकून बसतात त्या. सोडवण्यासाठी डोकं बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवायचं आणि वर ओढायचं. तीन खुंट्या ओढताना जोर लावावा लागला. चौथीला हात लावला तर ती आधीच अर्धी वर आली होती.

दादा शेजारीच उभा होता, नऊ वर्षांपूर्वीसारखाच टॉर्च घेऊन. "ही कधी सुटली?" त्याने विचारलं. मी काय सांगणार? चार वर्षांपूर्वी त्याने घर बदललं तेव्हा कॅबिनेट गाडीत आडवं ठेवून नेलं होतं. तेव्हा सुटली असेल. किंवा मी बसवतानाच ती पुरती बसली नसेल आणि वर्षानुवर्षं कणाकणाने वर सरकत आली असेल. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटली, आणि ती मी त्याला सांगितली.

कूलर उलटा केला. त्याच्या तळाशी मधोमध तांब्याचा गोल भाग होता, आणि त्यावर जुन्या पेस्टचा ठसा. या ठशासाठी मी दरवेळी थांबते, लगेच पुसत नाही. जे घडलं ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. ज्या तीन खुंट्या घट्ट होत्या त्या बाजूला पेस्ट इतकी पातळ होती की खालून तांबं दिसत होतं. राखाडी, जवळजवळ पारदर्शक, अजून थोडी ओलसर. आणि सुटलेल्या खुंटीच्या बाजूला ती जाड होत गेलेली, उतरत्या छपरासारखी. त्या जाड भागावर भेगा होत्या, सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा. नखाने हलकेच स्पर्श केला तर खपली निघाली आणि बोटांत तिचं पीठ झालं. खपलीच्या मागे हवाच होती. पेस्ट तर मी तेव्हा मापातच घातली होती. पण एका कोपऱ्याचा दाब गेला, थर त्या बाजूला उघडत गेला, आणि मशीनच्या तापण्या-निवण्याच्या हजारो फेऱ्यांनी बाकीचं काम केलं.

पेस्ट सुकते म्हणजे नक्की काय होतं? थर्मल पेस्ट म्हणजे तेलात मळलेली पूड. तेल बहुतेक वेळा सिलिकोनचं, आणि पूड झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा बोरॉन नायट्राइड अशा पदार्थांची. झिंक ऑक्साइड तर तेच, जे त्वचेवर लावायच्या पांढऱ्या मलमांत असतं. उष्णता वाहून नेते ती पूड. तेल फक्त पुडीला खाचाखोचांत पोचवतं आणि तिथे धरून ठेवतं. वर्षं जातात तसं तेल पुडीपासून सुटत जातं, कडेला झिरपतं, थोडं उडून जातं. मागे उरते कोरडी पूड. शिवाय प्रोसेसर तापला की किंचित फुगतो, निवला की आकसतो, आणि या आकुंचन-प्रसरणात मधली पेस्ट थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. इंग्रजीत याला पंप-आउट म्हणतात. मला आपल्या भाषेत 'पेस्ट बाहेर पडणं' एवढंच म्हणायला आवडतं, कारण होतं ते तेवढंच.

आता मुळात ही पेस्ट लागतेच कशाला, हा प्रश्न दादानेही त्या दिवशी विचारला. धातू धातूला टेकलाय, मग मध्ये हे मलम कशाला?

कारण तो टेकलेला नसतो. डोळ्यांना आरशासारखे दिसणारे दोन पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगररांगा असतात. ते एकमेकांवर ठेवले की फक्त शिखरं शिखरांना भिडतात आणि दऱ्यांमध्ये हवा राहते. तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता त्याच्या एककात ४०० च्या आसपास आहे आणि हवेची ०.०२६. मध्ये १५,००० पटींचा फरक. पेस्टचा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, ५ ते १०. तांब्यापुढे ती फारच दुबळी, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी. पेस्टचं काम तांब्याची जागा घेणं नव्हे, हवेला हाकलणं आहे.

मी दादासमोर कागदावर गणित मांडलं. शंभर वॅट उष्णता ४ चौरस सेंटिमीटरच्या जागेतून जातेय असं धरू. मधला थर ०.०५ मिलिमीटरचा. तिथे पूर्ण हवाच असती तर त्या एवढ्याशा थराच्या दोन बाजूंमध्ये ४८० अंशांचा फरक पडला असता. साधी, क्षमता ५ असलेली पेस्ट घातली तर फरक अडीच अंशांचा. महागडी, क्षमता १० असलेली घातली तर सव्वा अंशाचा. म्हणजे दुप्पट चांगल्या पेस्टने मिळवलं काय, तर सव्वा अंश. आता तीच महागडी पेस्ट चौपट जाड बसली, ०.२ मिलिमीटर, तर फरक पाच अंशांचा. पातळ बसलेली साधी पेस्ट जाड बसलेल्या उंची पेस्टपेक्षा दुपटीने सरस ठरते.

गवंडी दगडाची भिंत बांधतो तेव्हा दोन दगडांमधल्या दरजा चुन्याने भरतो. पण भिंत उभी असते दगडांच्या जोरावर. चांगल्या गवंड्याची दरज बारीक असते. दगड नीट घडवलेला असला की चुना थोडासाच लागतो, आणि जिथे चुना जाड दिसतो तिथे दगड घडवण्यात कसूर झालेली असते. पेस्टचं अगदी तेच आहे. ती जितकी कमी उरेल तितकी चांगली, पण अजिबात नसून चालत नाही.

म्हणून कोणती पेस्ट घ्यावी असं कुणी विचारलं की मी डब्यावरचा क्षमतेचा आकडा शेवटी बघते. एक तर तो कोणत्या रीतीने मोजला हे सगळे उत्पादक सांगत नाहीत, त्यामुळे एकाचा १२ आणि दुसऱ्याचा ८ शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नसतो. दुसरं म्हणजे दाबाखाली ती किती पातळ होते हे त्या आकड्यात येत नाही, आणि ती किती वर्षं टिकते हेही नाही. आर्क्टिकची एमएक्स-४ ही २०१० साली आलेली पेस्ट. क्षमतेच्या शर्यतीत ती केव्हाच मागे पडली, पण आठ वर्षं टिकते असा तिच्या उत्पादकाचा दावा आहे, ती वीज वाहून नेत नाही, आणि हाताळायला सोपी आहे. नॉक्टुआची एनटी-एच१ अशीच. तिचा उत्पादक पाच वर्षांपर्यंतची मुदत सांगतो. यांच्यासारखी कुठलीही जुनी, शांत स्वभावाची पेस्ट दुसऱ्याच्या मशीनसाठी मी डोळे झाकून घेईन. दादा तापमानाचे आकडे बघत बसणार नाही. त्याच्यासाठी दोन अंश कमी असण्यापेक्षा पाच-सात वर्षं काही करावं न लागणं मोलाचं.

कधीकाळी मी आर्क्टिक सिल्व्हर ५ वापरत होते. तिच्यात चांदीची बारीक पूड असते, आणि ती पुरती बसायला २०० तासांपर्यंत वापर व्हावा लागतो असं उत्पादकच सांगतो. चांदीचं मला तेव्हा फार अप्रूप होतं. पण थोडी विद्युतभार साठवण्याची तिची वृत्ती असते, मदरबोर्डवर सांडली तर जपावं लागतं, आणि आताच्या साध्या पेस्टी तिच्या बरोबरीला आल्या आहेत. मग मी ती सोडली.

द्रवधातूबद्दलही दादाने विचारलं, कारण प्लेस्टेशन ५ मध्ये तो वापरलाय हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं ते खरं. २०२० च्या त्या यंत्रात पेस्टच्या जागी द्रवधातू आहे. गॅलियम हा धातू ३० अंशांच्या आतच वितळतो, आणि त्यात इंडियम व कथील मिसळलं की ते मिश्रण खोलीच्या तापमानालाही पाऱ्यासारखं वाहतं. उष्णता नेण्यात कुठलीही पेस्ट त्याच्या जवळपास येत नाही. पण गॅलियम ॲल्युमिनियमच्या अंतरंगात शिरतो आणि त्याला इतका ठिसूळ करतो की ते हाताने मोडावं. शिवाय तो वीज वाहतो. एक थेंब चुकीच्या जागी ओघळला की मदरबोर्ड गेला. कारखान्यात भोवती कड घालून, बेतून, तो वापरणं वेगळं आणि घरी टेबलावर वापरणं वेगळं. मी दादाला ठाम नाही म्हटलं. लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड असतं, जिथे धातूचं झाकण नसून उघड्या सिलिकॉनवरच, म्हणजे प्रत्यक्ष चिपवरच, कूलर बसतो आणि पेस्ट लवकर बाहेर पडते, तर हनीवेलच्या पीटीएम ७९५० सारखी पट्टी सुचवली असती. ती खोलीच्या तापमानाला घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होते आणि खाचांमध्ये उतरते. डेस्कटॉपच्या झाकणबंद प्रोसेसरला तिची एवढी निकड नाही. आणि टूथपेस्टने भागतं म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की तिच्यात पाणी असतं आणि प्रोसेसर ते सुकवून टाकतो.

पुसायला घेतलं. आधी कोरड्या कापडाने जेवढी निघेल तेवढी, मग कापडाच्या कोपऱ्याला अल्कोहोल लावून कडेकडून मध्याकडे. मध्याकडून कडेला पुसलं तर मळ झाकणाच्या काठावरून खाली उतरतो. पहिल्या दोन हातांत फक्त राखाडी पसरतं आणि आपण आणखी घाण केली असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या हाताला झाकणाचा निकेलचा मुलामा चमकायला लागतो. मग अक्षरं वर येतात. प्रोसेसरचं नाव, त्याखाली वेग, त्याखाली एक लांबलचक क्रमांक. लेझरने कोरलेल्या त्या अक्षरांच्या रेघांमध्ये जुनी पेस्ट अडकून बसली होती. कापड बदललं, पुन्हा अल्कोहोल, आणि एकेक अक्षर मोकळं केलं. नऊ वर्षांपूर्वी हेच अक्षर मी दादाला वाचून दाखवलं होतं. त्याने त्याचा फोटो काढला होता. शेवटी दोन्ही पृष्ठभागांवर बोट न लावता मिनिटभर वाळू दिलं. बोटाचा एक ठसा म्हणजे तेलाचा एक थर.

पेस्ट घालण्याच्या पद्धतीवरून लोक हिरिरीने वाद घालतात. मधोमध थेंब, फुली, रेघ, की पट्टीने सारवणं? झाकण लहान असेल तर मधोमध वाटाण्याएवढा एक थेंब पुरतो. दाब त्याला पसरवतो, आणि पसरताना तो हवेला पुढे ढकलत कडेला नेतो. मोठ्या, लांबट झाकणाला फुली बरी. थोडी जास्त पडली तर घाबरायचं कारण नाही. पेस्ट वीज न वाहणारी असेल तर जास्तीची कडेने बाहेर येते, पुसली की झालं. कमी पडली तर मात्र थरात कोरडी जागा राहते, आणि ती दिसतही नाही. एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरचं झाकण कडेला खाचा पाडलेलं असतं आणि त्या खाचांत बारीक भाग उघडे बसलेले असतात, तिथे तेवढा हात आवरावा, नाहीतर नंतर पुसताना जीव नकोसा होतो.

मी वाटाण्याएवढा थेंब घातला, कूलर ठेवला, चारही खुंट्या दाबल्या, आणि पुन्हा काढला. दादाला वाटलं काहीतरी बिघडलं. "काही नाही रे, ठसा बघायचाय," मी म्हटलं. तांब्याचा पूर्ण गोल झाकणावर उमटला होता, चारही बाजूंना सारखा. हा नमुना दाब बघण्यासाठी होता. तो पुसला, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा नवा थेंब. एवढा खटाटोप दरवेळी लागत नाही, पण ज्या कूलरची एक खुंटी एकदा सुटली आहे त्याला मी एका दाबण्यावर मोकळं सोडणार नव्हते.

शेवटचं बसवणं मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून केलं. वेळ जास्त गेला, पण मागची बाजू बघता आली. खुंटीचा पांढरा पाय भोकातून पलीकडे गेला पाहिजे, आणि त्याच्या दोन फाकांच्या मधून काळं टोक डोकावलं पाहिजे. काळं टोक दिसलं नाही तर खुंटी बसली नाही, वरून कितीही 'टक' वाजलं तरी. कर्णाच्या क्रमाने दाबल्या. डावी वरची, उजवी खालची, मग उजवी वरची, डावी खालची. एका बाजूच्या दोन आधी दाबल्या तर पेस्ट दुसऱ्या बाजूला पळते. बोर्ड उलटा धरून दादाने टॉर्च मारला आणि आम्ही मोजलं. चार पांढरे पाय, चार काळी टोकं. सुटलेल्या कोपऱ्यातलं टोक मी नखाने दोनदा चाचपून बघितलं.

सगळं परत जोडून चालू केलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता. बसलेला असताना ३७. रेंडर सुरू केलं. आकडा ५० वर गेला, मग ५५, मग मिनिटा-दोन मिनिटांत ६० ओलांडून हळूहळू चढत राहिला. अर्ध्या तासाने ६७ वर स्थिर झाला. मला त्या ६७ पेक्षा ती संथ चढण बघून बरं वाटलं. हीटसिंकच्या पात्यांना हात लावला. गरम होती.

अजून एक थर आहे, आणि तो मी उघडला नाही. झाकणाच्या खाली, झाकण आणि सिलिकॉन यांच्या मध्येही पेस्टच असते, निदान दादाच्या प्रोसेसरमध्ये. इंटेल पूर्वी तिथे धातूचा डाग (सोल्डर) देत असे. २०१२ च्या आयव्ही ब्रिज या पिढीपासून नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत त्या जागी पेस्ट आली, आणि २०१८ च्या नवव्या पिढीत वरच्या प्रोसेसरांना पुन्हा डाग मिळाला. मधली सहा वर्षं कितीतरी हौशी लोक पात्याने किंवा शिकंज्याने ते झाकण उखडून आतली पेस्ट बदलत राहिले. दादाचा प्रोसेसर २०१५ च्या सहाव्या पिढीतला. त्याच्या आतही कारखान्यात घातलेला एक थर आहे, तो प्रोसेसर मी हातात घेतला त्याआधीपासून, आणि वरच्यासारखाच तोही तापतो, निवतो. झाकण उखडताना सिलिकॉनचा कोपरा तडकू शकतो किंवा ते ज्यावर बसवलेलं असतं तो पातळ पाट वाकू शकतो. ६७ अंशांवर ते धाडस करायचं काही कारण नव्हतं. पण काम चालू असताना तो थर माझ्या मनात होता.

कागदाच्या एका चिठ्ठीवर मी तारीख लिहिली. खाली पेस्टचं नाव, खोलीचं तापमान २८, बसलेला ३७, रेंडरला ६७, पंख्याचा वेग. चिठ्ठी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली. पुढच्या वेळी आकडा वाढला असेल तर खोलीचं तापमान वजा करून बघता येईल. नुसत्या '७५' ला काही अर्थ नसतो, खोली ३८ ला असेल तर ते ठीकच आहे. आणि तीन-चार वर्षं झाली म्हणून तारखेच्या नावाने पेस्ट बदलायची नाही, हेही त्याच चिठ्ठीवर लिहिलं. आकडा सरकला तर बदलायची, कूलर काढावा लागला तर बदलायची. नाहीतर नीट बसलेल्या थराला हात लावायचा नाही.

बाजू बसवून मी हात धुवायला गेले. परत आले तर दादा टेबलाखाली वाकला होता, जाळीला डोळा लावून.

"फिरतोय ना गं?" त्याने विचारलं. "आवाजच येत नाहीये."